छायेची साक्ष

चौकशीची नोटीस आली की हल्ली नेत्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: हा ‘विच हंट’, म्हणजे चेटकिणींची शिकार आहे. ट्रम्प यांनी तर त्याचा जपच केला. वकिलांची फौज, जामीन, अपील, पत्रकार परिषदा, सगळं दिमतीला असताना अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकिणी ठरवलेल्या बायकांच्या रांगेत जाऊन बसायचं, हा त्या बायकांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. त्यांना वकीलच नव्हता. तुरुंगातल्या जेवणाचे पैसेही त्यांच्याच माथी मारले जात.

 सेलमची गोष्ट तोंडपाठ आहे: १६९२ साल, १९ जणांना फाशी, दगडांखाली चिरडलेला जाइल्स कोरी. पुढे विज्ञान आलं, लोक शहाणे झाले आणि वेड ओसरलं, असं आपण सांगतो. मला हा शेवटच खोटा वाटतो.

रिबेका नर्स ही सत्तरी ओलांडलेली, कानाने अधू बाई. ज्यूरीने तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. कोर्टात गदारोळ झाला, न्यायाधीशांनी तिच्याच एका वाक्याकडे बोट दाखवलं आणि ज्यूरीने तिला त्याचा अर्थ विचारला. प्रश्न तिच्या कानावर आलाच नाही, ती गप्प राहिली. ते गप्प राहणंच कबुली ठरलं आणि १९ जुलैला तिला फाशी झाली. अशा खटल्यांत साक्ष असे ती छायेची: हिची आकृती रात्री येऊन मला छळते. आरोपीने ती खोडायची कशी?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इन्क्रीज मॅदर या धर्मगुरूने या साक्षीलाच हात घातला. सैतान निर्दोष माणसाचंही रूप घेऊ शकतो. मग छायेवरून फाशी कशी द्यायची? एक निरपराध मरण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे, असं त्याचं म्हणणं. चेटकिणी असतात यावर मॅदरचा पूर्ण विश्वास होता, तरी त्याने पुरावा मागितला. गव्हर्नर फिप्सने हे खटले चालवणारं खास न्यायालय बरखास्त केलं. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयाने छायेची साक्ष बाजूला ठेवली आणि बहुतेक आरोपी सुटले.

म्हणजे श्रद्धा जागच्या जागी राहिली, बदलला तो पुराव्याचा नियम. न्याय मात्र पुढेही रांगतच आला. १७११ च्या कायद्याने अनेकांची शिक्षा पुसली, पण कबुलीवरून दोषी ठरलेली एलिझाबेथ जॉन्सन ज्युनिअर त्यात राहून गेली. पुढच्याच वर्षी तिने स्वतः अर्ज केला. तिचं नाव निर्दोष ठरलं ते २०२२ मध्ये, शाळकरी मुलांनी पाठपुरावा केला तेव्हा.

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर बाईला डाकीण ठरवतात, तिथेही हाच धडा लागू आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अमुक बाई करणी करते असं जाहीर करून तिला छळणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं. गावाचा विश्वास बदलेपर्यंत कायदा थांबला नाही, थांबूही नये. आणि कागदपत्रं मागणाऱ्या चौकशीला ‘विच हंट’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: पुरावा मागण्यानेच ती शिकार थांबली होती.