अर्ध्या किमतीची गाडी, पूर्ण किमतीचा खर्च



भक्तहो, घडियाळी पोळच्या गुरुवारच्या बैठकीत एका तरुणाने विचारलं, "जुनी पोर्शे अर्ध्या किमतीत मिळतेय. हौस आहे, लोनही मिळेल. यात वाईट काय?"

हौस वाईट नाही, पण हिशेब पुरा करावा. विम्याच्या कोष्टकात पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात. खर्च मात्र निम्मा होत नाही. टायर, ब्रेक, गिअरबॉक्स नव्या गाडीच्याच भावाने येतात, आणि जुन्या गाडीला जास्त वेळा लागतात. स्वस्त झाली ती मालकी, सांभाळणं नव्हे.

मग वस्तू आपली कधी म्हणायची? आरसी बुकात नाव चढलं की? एका ओरखड्याने झोप उडणार असेल, सर्व्हिसच्या बिलासाठी घरातल्या बांगड्या गहाण पडणार असतील, तर मालक गाडी आणि चाकर आपण.

२०२३च्या जानेवारीत आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या चकाकीमागे वर्षानुवर्षांची सेवा होती. ज्याची सेवा आनंदाने होते, तेच आपलं.

म्हणून आधी वर्षभराचा खर्च बाजूला काढा. घर शांत राहिलं तर खुशाल घ्या. आणि पुढे विकाल तेव्हा दोष सांगून विका. भाव थोडा कमी येईल, पण आपलं ओझं न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात घालणं हा व्यवहार नव्हे, फसवणूक आहे.