कुंपण आणि वाळवंट

राष्ट्राला आपल्या सीमेवर पहारा ठेवण्याचा अधिकार आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने १ लाखाहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्यांचा घास फेंटानिल या कृत्रिम विषाने घेतला. ज्या घरातून असे प्रेत निघाले, त्या घराला सीमारक्षकाचा पहारा जाचक वाटणार नाही.

अडचण पुढेच आहे. मेक्सिकोलगतच्या सुमारे ३,१०० किलोमीटरांच्या सीमेविषयी बोलताना हे विष आणि पोटासाठी निघालेला माणूस, या दोहोंचा उच्चार एकाच श्वासात केला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. पकडले जाणारे फेंटानिल बहुतांशी अधिकृत नाक्यांवर, मोटारींत दडवलेले सापडते आणि त्या गुन्ह्यात शिक्षा झालेले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक असतात. पाण्याचा कॅन घेऊन वाळवंट तुडवणाऱ्या शेतमजुराच्या पाठीवर ते क्वचितच असते.

मग तो वाळवंटात का शिरतो? १९९४ साली तेथील सीमा गस्ती दलाने नवी नीती आखली. शहरांलगतचे सोपे मार्ग कुंपणे, दिवे व शिपाई लावून बंद करावेत, म्हणजे लोक अधिक खडतर मुलखाकडे वळतील व कचरून माघारी फिरतील, असा तिचा हिशेब होता. त्याच वर्षी सान दिएगोजवळ ‘ऑपरेशन गेटकीपर’ सुरू झाले. लोक वळले, माघारी मात्र फिरले नाहीत. ॲरिझोनाच्या वाळवंटात पुढील वर्षांत हजारोंचे अवशेष सापडले. कित्येकांची नावेही कळलेली नाहीत.

कोणी म्हणेल, शासनाने कोणाला ढकलले नाही. दलालाने फसवले आणि माणसाने स्वेच्छेने पाऊल टाकले. दलालाचे पाप मोठे आहे, हे आम्हांस मान्य आहे. (त्याला तिकडे ‘कोयोट’ म्हणतात. ते एका रानटी श्वापदाचे नाव. त्या बिचाऱ्या जनावरावर हा अन्यायच!) परंतु संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारातून आलेले द्विपरिणामाचे तत्त्व येथे आठवते. सत्कृत्यातून न इच्छिलेले अनिष्ट ओढवले, तर कर्ता क्षम्य ठरू शकतो. मात्र ते अनिष्टच इष्ट साधण्याचे साधन होता कामा नये. कुंपणावरून पडून कोणाचा पाय मोडला, तर तो अनिच्छित परिणाम म्हणता येईल. तहानेचे भय मात्र योजनेतच गृहीत धरलेले होते, आणि भय खरे वाटावे यासाठी कोणीतरी मरावे लागते.

शिपायांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. त्याच दलाने १९९८ साली शोध व बचाव पथक उभारले आणि त्यातील माणसांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून अनेकांना वाचवले. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही संपन्न राष्ट्रांनी यथाशक्ती परक्यास थारा द्यावा, असे सांगताना राज्यकर्त्यांना अटी घालण्याची मुभा दिली आहे व आगंतुकाने कायदा पाळावा, असेही बजावले आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचाही नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले; त्यांत तिघे महाराष्ट्रातील होते. हातापायांत बेड्या घालून आणले, असे परतलेल्यांनी सांगितले. विमानात बेड्या घालण्याची रीत २०१२ पासूनचीच आहे, स्त्रिया व मुले तिच्यातून वगळली जातात, असे परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले. रीत असेल. तिच्यात तस्कर कोणता आणि मजूर कोणता, हा भेद मात्र आम्हांला कोठे दिसला नाही.