पाण्याला दया असते का?

रसायनशास्त्राच्या तासाला पाण्याचा धडा निघाला की कुणीतरी विचारायचंच, "सर, हे सगळं इतकं नेमकं जुळून कसं आलं? देवानेच केलं असणार ना?" मी वारकरी घरातला, गळ्यात तुळशीची माळ आहे. तरीही या प्रश्नाला चटकन 'हो' म्हणणं मला जमलेलं नाही.

प्रश्न जुना आहे. पाणी गोठताना प्रसरण पावतं, यात विल्यम व्हेवेल या इंग्रज विद्वानाने 1833 साली ईश्वराची योजना पाहिली. बर्फ तरंगतो, तळ्यावर पांघरूण घालतो आणि खाली 4 अंशांच्या पाण्यात मासे हिवाळा काढतात. याचं मूळ रेणूच्या घडणीत आहे. ऑक्सिजनला धरून असलेले दोन हायड्रोजन सुमारे 104.5 अंशांचा कोन करतात. त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण होते आणि शेजारचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. गोठताना याच ओढीने त्यांची पोकळ जाळी बनते, म्हणून बर्फ हलका.

निफाडकडे आमची द्राक्षबाग आहे. पारा शून्याकडे सरकला की थोरले बंधू पहाटेच बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं पाणी सोडतात. ते हवेपेक्षा उबदार असतं आणि एक लिटर पाणी एका अंशाने निवताना जवळपास 4.2 किलोज्यूल उष्णता देतं. एवढ्यावर बाग तगते. पण जिथे ऊब पोचत नाही तिथे दव पानावरच गोठतं, पानाच्या आतही स्फटिक धरतात, पेशी मोडतात. ऊन चढेपर्यंत कोवळी पानं करपून काळी पडलेली असतात. मासा जगवणारं आणि वेल मारणारं पाणी एकाच नियमाने गोठतं.

विरघळवण्याचंही तसंच. मुळांना नत्र, पालाश पाण्यातूनच मिळतं. तेच पाणी यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत खडकातलं फ्लोराइड घेऊन येतं आणि पोरांचे दात, म्हाताऱ्यांची हाडं बिघडवतं.

हार्वर्डचे लॉरेन्स हेंडरसन यांनी 1913 साली मांडलं, की जीव परिस्थितीला जुळवून घेतो हे अर्धंच सत्य आहे. परिस्थितीही जीवाला अनुकूल असावी लागते. ते मला मनापासून पटतं. पण अनुकूल असणं म्हणजे दयाळू असणं नव्हे. पाणी कुणाचं शेत, कुणाची जात, कुणाची पुण्याई विचारत नाही. माझ्या लेखी त्याचं देवपण या न ढळणाऱ्या नियमातच आहे, आणि मी हात जोडतो ते त्यालाच.

दया मात्र माणसाने आणायची गोष्ट आहे. ज्याला पाण्याचे आभार मानायचे त्याने जरूर मानावेत. पण गावच्या हापशाचं पाणी तपासून घेण्याचं काम देवावर सोडू नये.