दोर ओढणाऱ्याचा वाटा

त्या दिवसाचा हिशोब फोनमध्ये अजून आहे. एर्नाकुलमच्या जेट्टीवरून फोर्ट कोचीची सरकारी बोट : दहाच्या नोटेतून सुटे परत. पुट्टू-कडला आणि चहा : साठ. मट्टनचेरीचा राजवाडा : पाच. ज्यू टाऊन : शून्य, कारण तिथे मी फक्त वेलची आणि सुंठीचा वास घेत हिंडलो. दुपारी मीन करीबरोबर पोटभर भात : एकशेवीस. आणि त्याखाली एक नोंद आहे, जिच्यापुढे मी रागाने तीन उद्गारचिन्हं ठोकली आहेत. 'जाळं, शंभर!!!'

त्या शंभर रुपयांचं काय करायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी माझी बाजू. झोपायची खाट सोडून दिवसाला सहाशे रुपये, असा माझा नियम होता. स्वस्तात फिरणाऱ्यांना आपल्या स्वस्तपणाचा थोडा माज असतो, मलाही आहे. एसी टॅक्सीतून उतरून सेल्फी काढून जाणारे ते टुरिस्ट, आणि बोटीत कॉलेजच्या पोरांशेजारी उभा राहणारा मी मात्र प्रवासी. ज्याने जास्त पैसे दिले त्याला कमी दिसलं, असं आम्ही मनात धरून चालतो.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर ती चिनी जाळी आहेत, केरळच्या प्रत्येक पोस्टरवर असणारी. फोटोत ती नाजूक दिसतात, पण जवळ गेल्यावर कळतं की हे एक अवजड यंत्र आहे. सागवान आणि बांबूचा दोन मजली उंचीचा सांगाडा, पुढे पाण्यावर पसरलेलं जाळं आणि मागे दोरांना टांगलेले मोठाले धोंडे. एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने सगळं डोलारं पाण्यात झुकतं. काही मिनिटं थांबायचं, मग पाच-सहा जणांनी मागचे दोर ओढायचे. धोंडे खाली येतात, जाळं वर. ही पद्धत चिनी व्यापाऱ्यांनी आणली की मकाऊहून पोर्तुगीजांनी, यावर तिथे दोन्ही गोष्टी ऐकायला मिळतात.

मी बघत उभा होतो. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने हात केला, "आओ, आओ, खींचो." मी चपला काढून फळ्यांवर चढलो आणि दोर धरला. चेट्टा (म्हणजे दादा, एवढं मल्याळम येत होतं) सूर धरून काहीतरी म्हणत होते आणि त्या तालावर बाकीचे ओढत होते. मला ताल सापडेना. मी त्यांच्या आधी ओढायचो नाहीतर नंतर. दोनदा ओढून जाळं वर आलं तेव्हा आत मूठभर बारीक मासळी, एक कुर्ली, एक प्लास्टिकची पिशवी आणि ढीगभर जलपर्णी होती. फोटो काढून झाले. मग चेट्टा म्हणाले, "दो सौ."

मी भडकलो. आधी का नाही सांगितलं? घासाघीस करून शंभरावर आणलं आणि तणतणत निघालो.

राग नुसता पैशांचा नव्हता. मी मालवणकडचा. आमच्या किनाऱ्यावर रापण लागते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांनी ते वाळूवर ओढायचं. लहानपणी आम्ही पोरं धावत जायचो. ज्याने दोराला हात लावला, त्याला निघताना चार बांगडे मिळायचे. दोर ओढणाऱ्याला वाटा, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. आणि इथे मी दोर ओढला आणि मलाच पैसे मागतात?

परतीच्या वाटेवर सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये शिरलो, आत पंख्याखाली बसता येईल म्हणून. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला आणि आधी इथेच पुरला गेला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मिरी मधल्या व्यापाऱ्यांच्या हातून न जाता थेट आणि स्वस्तात मिळावीत, यासाठी ती सगळी धडपड. स्वस्ताच्या शोधात इथे आलेला मी काही पहिला नाही, असं वाटून हसू आलं. राग थोडा उतरला. मग विचार सुरू झाला, तो काही सुखाचा नव्हता.

रापणीवर दोर सोडून दिला तर शेजारच्याच्या तळहाताची साल निघते. म्हणजे तिथे मी कामाचा होतो. कोचीत मी दोर सोडला असता तर कोणाचंच काही अडलं नसतं. उलट मी दोर धरला म्हणून त्यांचा ताल चुकला. ते पाच जण जाळं ओढत होते आणि शिवाय मला. मग वाटा कसला मागतोय मी?

बरं, हेच तिथे तिकीटखिडकी लावून केलं असतं, 'जाळे ओढण्याचा अनुभव, दोनशे रुपये', तर मी मुकाट्याने दिले असते किंवा मुकाट्याने पुढे गेलो असतो. खिडकीशी कोण घासाघीस करतं? माणसाने तोंडाने मागितले म्हणून मला ती लबाडी वाटली. दर आधी सांगायला हवा होता, हे मी आजही म्हणेन. ती त्यांची चूकच. पण दर आधी कळला असता तर मी दोर धरलाच नसता, आणि लांबून फुकट फोटो काढून 'हल्ली सगळं कमर्शियल झालंय' असं कॅप्शन टाकलं असतं. म्हणजे मला अस्सल हवं होतं, आणि अस्सल याचा अर्थ माझ्या डोक्यात फुकट असा होता. त्या मूठभर मासळीवर पाच-सहा घरं चालत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्यांनी माझ्यासाठी ते चित्र तसंच उभं ठेवावं, ही अपेक्षा.

यावर माझं मन एक उत्तर देतं : मी तरी कुठे श्रीमंत आहे? बावीस हजारांत पुण्यात राहतो. खरं आहे. पण सहाशेचा आकडा मी स्वतः ठरवला होता. तो सातशे केला असता तर माझं काय बिघडणार होतं? आणि दिवसभराची माझी फुशारकी तरी कोणाच्या जिवावर? बोट सरकारची, राजवाड्याचं पाच रुपयांचं तिकीट सरकारी. तिथल्या लोकांसाठी ठेवलेल्या दरांत मी फिरलो आणि त्याला माझं कौशल्य समजलो.

दया म्हणून दोनशे द्यायला हवे होते, असं मात्र मला वाटत नाही. तसे दिले असते तर मी आणखीच मोठा झालो असतो, माझ्याच नजरेत.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांना हे सांगितलं. अलीकडे आमच्याकडेही टुरिस्ट रापण ओढायला येतात. रील झाली की अर्ध्यात दोर सोडतात आणि जाताना मासे मागतात. काका त्यांच्यावर खूप हसतात, मीही हसायचो. मला वाटलं आता माझ्यावर हसतील. ते हसले नाहीत. जाळं विणता विणता विचारलं, "किती माणसां होती?"

"सहा."

"आणि जाळ्याचो वाटो येगळो काय?"

"ता मी इचारूक नाय."

"मगे शंभराचे वाटे कशे घालतलस?" असं म्हणून ते बोटांवर मोजायला लागले.