प्रारब्ध आणि दया

प्रारब्धाचे भोग भोगूनच संपवावे लागतात, हे आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो. स्वतःच्या दुःखाकडे पाहताना हा विचार मोठा आधार देतो. पण दवाखान्यात खाटेवर तळमळणाऱ्या आपल्या वडिलांकडे पाहून ‘भोग आहेत त्यांचे, दुसरे काय?’ असे आपण म्हणालो, तर त्याला परमार्थ म्हणावे का? माऊली, आज या प्रश्नाचा थोडा विचार करू.

प्रसंग आता घरोघरी येतो. कर्करोग अंगभर पसरलेला असतो, नाहीतर हृदय किंवा मूत्रपिंडे थकलेली असतात. डॉक्टर सांगतात, “मूळ आजार आता हटणार नाही. आमच्याकडच्या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटा.” घरच्यांना एवढेच ऐकू येते की, यांनी हात टेकले. मग कोणी दुसरे इस्पितळ शोधायला धावतो, तर कोणी कपाळाला हात लावून प्रारब्धाचे नाव घेतो. या धावपळीत आणि हताशपणात रोग्याची वेदना मात्र तशीच राहते.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा. दुखणे, धाप, मळमळ, न भरणाऱ्या जखमा, झोप न येणे यांवर ती उपाय करते. मूळ आजाराचे औषध चालू असतानाही ती घेता येते. अगदी शेवटची घटका येण्याची वाट पाहावी लागत नाही. या कामात डॉक्टरांबरोबर परिचारिका, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते असतात. ते घरच्यांनाही जवळ बसवून घेतात. कूस कशी बदलावी, जखम कशी पुसावी, कोणती गोळी किती वाजता द्यावी, हे शिकवतात. रात्र रात्र जागणाऱ्या सुनेला ‘तुम्ही जेवलात का?’ असे विचारणारेही तेथे कोणीतरी असते. माणूस गेल्यानंतरही पुष्कळ ठिकाणी ही मंडळी त्या घराची विचारपूस करतात.

या विद्येला आजचे रूप दिले सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयात सामाजिक कार्यकर्त्या आणि पुढे डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. त्यांनी ‘समग्र वेदना’ असा विचार मांडला. देह दुखतो तेव्हा मनही दुखते, घराची काळजी पोखरते आणि ‘माझ्या जगण्याचा अर्थ काय?’ हा प्रश्नही छळतो. म्हणून उपचारही या चारही अंगांनी व्हायला हवा. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र कर्करोगाच्या रुग्णांची अशी सेवा विनामूल्य करीत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वेदना शमवली तर कर्मभोगात ढवळाढवळ होते का? नाथमहाराजांची कथा आठवा. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड खांद्यावर होती आणि वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. ‘त्याचे प्रारब्ध’ असे म्हणून पुढे जाता आले असते. शास्त्राचा आधारही सापडला असता. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. त्या गाढवाचे पूर्वकर्म काय, हा हिशेब त्यांनी मांडला नाही. प्रारब्धाचा विचार स्वतःच्या दुःखाला लावावा. दुसऱ्याच्या दुःखापाशी दयाच शोभते. आपण ज्ञानोबारायांना माऊली म्हणतो. तापाने फणफणलेल्या लेकराला कोणती आई कर्माचा सिद्धान्त ऐकवील?

वारीच्या वाटेवरचेच पाहा. मुक्कामाच्या गावात कोणी आपले पाय चेपतो, कोणी तेल लावतो, कोणी तुटलेली चप्पल शिवून देतो. त्यामुळे पंढरीची वाट कोसभरही कमी होत नाही. चालायचे ते आपल्यालाच असते. पण पायातला ठणका थांबला की ओठांवर अभंग येतो. शेवटच्या वाटेवरची शुश्रूषा ही अशीच पाय चेपण्याची सेवा आहे.

येथे भाविकांच्या मनात एक खरी शंका येते. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचे महत्त्व सांगितले आहे. मग मॉर्फिनसारख्या औषधाने गुंगी आली, तर मुखात नाम कसे येणार? शंका रास्त आहे. मॉर्फिन जाणत्या डॉक्टरांनी बेताच्या मात्रेत, घड्याळाच्या वेळेप्रमाणे दिले तर सुरुवातीची सुस्ती बहुधा काही दिवसांत ओसरते आणि रोगी पुन्हा माणसांशी बोलू लागतो. उलट असह्य कळ उठते तेव्हा हरिपाठ म्हणणारी जीभ नुसती कण्हू लागते. ‘बाबांना नाम घ्यायचे आहे, शक्य तितके जागे ठेवा,’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्याप्रमाणे मात्रा बेतण्याचा ते प्रयत्न करतात. कधी गुंगी टळतच नाही. तेव्हा आपण उशाशी बसून नाम घ्यावे. जन्मभर त्याने नाम घेतले, ते काय विठ्ठल औषधाच्या एका गोळीने विसरेल?

या औषधाच्या वाटेत कायद्याचीही अडचण होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे दवाखान्यांना मॉर्फिन मिळवणे फार जिकिरीचे झाले. २०१४ मध्ये त्या कायद्यात सुधारणा होऊन ती वाट थोडी मोकळी झाली. ‘याचे व्यसन लागेल’ अशी भीती मात्र अजून घरांत आहे. ही भीती मनात दडवू नका, डॉक्टरांजवळ बोलून दाखवा.

तेव्हा माऊली, घरात कोणी असे अंथरुणाला खिळले असेल, तर डॉक्टरांना विचारा, “वेदना कमी करणारे तज्ज्ञ येथे आहेत का? नसतील तर कोठे आहेत?” आणि रोग्यालाही विचारा, “काय दुखते? कोणाला भेटावेसे वाटते? राहून गेलेले काही बोलायचे आहे का?” पुंडलिकाने देवाला विटेवर उभे केले, तेव्हा तो आईवडिलांच्या पायांशी होता. आपलीही जागा तीच आहे. दुखणे हलके झाले की त्या पायांशी बसून हरिपाठ म्हणा. कदाचित तेही आपल्या सुरात सूर मिळवतील.

रामकृष्णहरी!