टोचणी आणि प्रायश्चित्त

मोलकरणीचे थकविलेले पैसे, वृद्ध आईला बोललेला कठोर शब्द, मापात केलेली लबाडी. नित्य जीवनातील असे अपराध जगाला दिसत नाहीत, मनाला मात्र टोचत राहतात. ही टोचणी घेऊन अनेक भाविक देवाच्या पायाशी येतात.

पूजेच्या अखेरीस म्हटली जाणारी क्षमाप्रार्थना पूजाविधीतील उणिवांसाठी असते. माणसाचे देणे तिने फिटत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात किरकोळ चोरीच्या प्रायश्चित्ताचा क्रम सांगितला आहे : आधी वस्तू परत करावी, मग व्रत आचरावे. थकविलेले वेतन दानपेटीत टाकले, तरी मोलकरणीच्या घरची चूल पेटत नाही. केवळ मनात झुरत राहणे हेही प्रायश्चित्त नव्हे. त्यातून दुखावलेल्याच्या पदरी काहीच पडत नाही.

म्हणून ज्या माणसाच्या आठवणीने मन टोचते, त्याच्या दारी प्रथम जावे. तो हयात नसेल, तर त्याला नाकारलेली माया वा मदत दुसऱ्या गरजू जिवास द्यावी. घेतलेले परत करून, क्षमा मागून जो भाविक देवापुढे हात जोडतो, त्याचीच यात्रा सुफळ संपूर्ण होते.