नवव्या माणसाचे आजारपण

पदरी काम करणारा मनुष्य आजारी पडला असता त्याचा भार मालकाने कोठवर वाहावा, या प्रश्नास कायद्याने आकड्यांत उत्तर दिले आहे. १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेली कर्मचारी राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रथम सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आला. तथापि दहा माणसांची अट कायम आहे. बारा हजार वेतनावर मालकाने ३९० व कर्मचाऱ्याने ९० रुपये भरावयाचे. त्यात कुटुंबासह औषधोपचार, शिवाय आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाचे शेकडा ७० मिळतात.

मग नऊ माणसांच्या दुकानातील नववा मनुष्य कमी आजारी पडतो काय? दहाव्याचे नाव हजेरीपटावर चढूच द्यावयाचे नाही, ही युक्ती बाजारात नवी नाही. मालक म्हणतात, "वेळ आली की आम्ही देतोच की!" देतात, हे खरे आहे, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु खरी मेख येथेच आहे. ते देणे हंगामावर व मर्जीवर अवलंबून असते, आणि उपकाराने वाकलेला मनुष्य पुढील वर्षी पगारवाढ कोणत्या तोंडाने मागणार? वर्गणीत त्याचे स्वतःचे नव्वद रुपये असतात. तो दवाखान्याच्या दारी याचक म्हणून जात नाही. (तेथे रांगेत तिष्ठावे लागते, ही तक्रार निराळी.)

खाजगी कंपनीचा सामूहिक विमा हा दुसरा मार्ग. तो रुग्णालयाचे बिल ठराविक रकमेपर्यंत भागवितो. बुडालेला रोज सहसा भरून देत नाही, आणि नोकरी सुटली की बहुधा छत्रही जाते. आयुष्मान भारत योजना २०१८ पासून पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच. गंमत अशी की, गल्ल्यावर बसणारा लहान मालक स्वतः कर्मचारी नसल्याने राज्य विम्याबाहेरच राहतो. त्याचीही काळजी कोणी वाहिली पाहिजे.

दहांहून कमी माणसे असली तरी मालक व बहुसंख्य कर्मचारी राजी असल्यास योजनेत येता येते, अशी सोय संहितेत आहे. तेव्हा आकड्याची सबब उरत नाही. उरते ती संमती. आणि पुष्कळदा त्या नव्वद रुपयांस नकार कर्मचारीच देतात, त्यांतही आमच्या वयाचे, धडधाकट असलेले, विशेषेकरून.